खिडकीच्या अलीकडे

इंग्रजी अमदानीत चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपूरहून, राजुऱ्याला पाठवलेलं पत्र वर्धा नदी ओलांडताना राज्यही ओलांडत असे. नदीच्या एका काठाला मध्य प्रांत, दुसऱ्या काठाला निजामाचं हैदराबाद संस्थान. संस्थानाचं टपालखातं वेगळं, तिकिटं वेगळी आणि रुपयाही वेगळा, हाली सिक्का. आजचा कोरपना तालुका तेव्हा राजुऱ्यात होता आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. इथला शेतकरी घरी मराठी, तेलुगू, गोंडी किंवा कोलामी बोलणारा. जमिनीच्या तंट्याचा अर्ज द्यायचा, तर आधी उर्दू लिहिणारा माणूस गाठायला हवा.

१९४८ साली संस्थान भारतात आलं आणि १९५०मध्ये टपाल एक झालं. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका आदिलाबादमधून निघून नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ साली तिथून चांद्याला आला. चार वर्षांच्या आत आदिलाबाद, नांदेड, चांदा अशा तीन जिल्हा कचेऱ्या झाल्या. पुढे राजुऱ्यातून कोरपना वेगळा झाला, त्यानंतर माणिकगडच्या डोंगरातली जिवती. कचेरी हळूहळू जवळ येत गेली, पण कचेरीत जाताना सोबत एखादा जाणकार लागतोच, ही सवय काही सुटली नाही.

इंटरनेटची गोष्ट इतक्या मागून सुरू करायला कारण आहे. मुंबई-पुण्यात इंटरनेट आलं ते कुतूहलापोटी, नोकरीपायी किंवा परदेशातल्या लेकाची खुशाली विचारायला. कोरपना-जिवतीच्या पट्ट्यात ते मुख्यतः अर्जाच्या रूपानं आलं. सातबारा, दाखला, कर्जमाफी, हमीभाव, लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये अशी एकेक निकड त्याला घरापर्यंत घेऊन आली. म्हणून इथला इतिहास मांडताना टॉवर आणि केबल यांच्याइतकंच लक्ष खिडकीपलीकडे बसून फॉर्म भरून देणाऱ्या माणसाकडे द्यावं लागतं.

पिवळ्या पाटीचे दिवस

१९८०च्या दशकात या भागाचं रूप पालटलं. जमिनीखालच्या चुनखडीमुळे आवारपूर आणि गडचांदूरला सिमेंटचे कारखाने उभे राहिले, पुढे उपरवाहीलाही. ज्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जात, त्याच रस्त्यानं सिमेंटचे ट्रक धावू लागले. बाहेरगावचे कामगार आले आणि त्यांच्यामागोमाग घरी बोलण्याची गरजही आली.

तोवर दूरचा फोन म्हणजे ट्रंक कॉल. एक्स्चेंजला नंबर द्यायचा आणि वाट पाहत बसायचं. घाई असेल तर अर्जंट, त्याहून घाई असेल तर लाइटनिंग, आणि त्या हिशेबानं पैसेही जास्त. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेनं हे चित्र बदललं. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे. सी-डॉटनं उन्हाळ्यात, धुळीत, बेभरवशाच्या विजेवर चालेल असं लहान ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. देशभर एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या लागल्या त्या यानंतर.

त्या वेळी खेड्यांतल्या सार्वजनिक फोनसाठी सरकारनं रेडिओलहरींवर चालणारी एमएआरआर नावाची पद्धत वापरली. तार ओढायची गरज नाही, म्हणून जंगल-डोंगराला ती सोयीची वाटली. प्रत्यक्षात या फोनची देशभर रड झाली. बॅटरी उतरायची, अँटेना हलायचा आणि फोन महिनोन्‌महिने मुका राहायचा. सरकारी यादीत गावाला फोन होता, गावात मात्र नव्हता. कागदावरची जोडणी आणि हातातली जोडणी यांतलं हे अंतर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा दिसणार होतं.

कचेरीतली छत्री आणि महागडा तास

सामान्य माणसाला इंटरनेट मिळण्याच्या बरीच वर्षं आधी जिल्ह्याच्या कचेऱ्या एका संगणकजाळ्यात आल्या होत्या. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं, १९८०च्या दशकाच्या अखेरीस देशातल्या बहुतेक जिल्हा मुख्यालयांत उपग्रहाशी बोलणाऱ्या छत्र्या बसवल्या. हे निकनेट. त्यावरून आकडे दिल्लीला जात. जिल्ह्याची माहिती आकाशमार्गे राजधानीत पोचत होती, पण ज्यांची ती माहिती होती त्यांना या वाटेचा पत्ताही नव्हता.

सर्वांसाठीचं इंटरनेट विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केलं, तेही मोजक्या महानगरांत. संगणकाला मोडेम जोडायचा, मोडेमला फोनची तार. संगणकाचे आकडे मोडेम आवाजात बदलतो आणि फोनच्या तारेवरून पाठवतो, पलीकडचा मोडेम त्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो. जोडणी होताना येणारी ती चिरचिर म्हणजे दोन मोडेमची एकमेकांशी ओळख पटवणं. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आज फोनवर सहज येणारा एक एमबीचा फोटो त्या वेगानं उतरवायला चौदा-पंधरा मिनिटं लागतील. चित्रं दाखवणाऱ्या खात्याला वर्षाचे १५,००० रुपये पडत. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं खातं होतं, पण त्यात नुसती अक्षरं दिसत.

यानंतर महाराष्ट्रानं दोन निराळे रस्ते धरले. पहिला वारणेचा. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवरच्या वारणा खोऱ्यात सुमारे ७० गावं संगणकानं जोडण्याचा प्रयोग झाला. साखर कारखाना आणि दूधसंघ यांची घट्ट सहकारी वीण तिथे आधीच होती. उसाची नोंद, तोडणीची पाळी, बिल या रोजच्या कामांना संगणक जोडला गेला. काही वर्षांनी जुने संगणक थकले, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यांतल्या काही गावांत संगणकाऐवजी साध्या फोनचा एसएमएस वापरून पाहिला आणि शेतकऱ्यांची कामं भागली. शेतकऱ्याला यंत्राचं अप्रूप नसतं, त्याला आपलं बिल कळायला हवं असतं, ही या प्रयोगातली मोलाची शिकवण.

कोरपन्याकडे असा संघ नव्हता. इथे दुसरा रस्ता खुला होता, बाजाराचा. १९९८च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना इंटरनेट देण्याची मुभा मिळाली आणि चार-पाच वर्षांत जिल्ह्याच्या शहरांत कॅफे निघाले. आडगावच्या पोरांना कॅफेची गरज मुख्यतः दोनदा पडे, दहावी-बारावीच्या निकालाला आणि प्रवेशाचा फॉर्म भरायला. बैठक क्रमांक कागदावर लिहून द्यायचा, कॅफेवाला तो टाकणार आणि छापलेला निकाल हातात देणार. पडद्याला हात न लावता इंटरनेट वापरण्याची रीत तिथेच पडली.

माउस हातात आला तेव्हा

माउस हातात देण्याचं काम केलं एमएससीआयटीनं. राज्य सरकारच्या पुढाकारानं २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी हा अभ्यासक्रम आला. व्यवस्थापकीय संचालक विवेक सावंत यांच्या काळात त्याची केंद्रं तालुक्यांच्या गावांपर्यंत पसरली. ती चालवणारे स्थानिक तरुणच होते. अभ्यास मराठीतूनही करता येई आणि परीक्षा थेट संगणकावर होई.

सरकारी नोकरीला हे प्रमाणपत्र लागू लागलं आणि आधीच नोकरीत असलेल्यांनी ते ठरलेल्या मुदतीत मिळवलं नाही तर वेतनवाढ रोखण्याची तरतूद झाली. त्यामुळे वर्गात एक मजेदार सरमिसळ दिसू लागली. बारावी झालेल्या मुलीशेजारी पन्नाशीचे गुरुजी बसलेले. वर्गात ज्यांचा दरारा, तेच इथे माउस टेबलावरून सरकवताना बिचकायचे. मराठी मुलखात नवशिक्यांचं इंटरनेट-शिक्षण इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच होत होतं. मात्र त्यात येणाऱ्याला नोकरी होती किंवा नोकरीची आशा होती. कपाशीत डवरणी करणारा किंवा रोजगार हमीच्या कामावर जाणारी बाई या वर्गाकडे फिरकण्याचं कारण नव्हतं. त्यांच्यासाठी दुसरी सोय निघाली, ती शिकवण्याची नव्हती. काम करून देण्याची होती.

सेतू, संग्राम आणि 'लिंक नाही'

तहसीलजवळ सेतू केंद्रं सुरू झाली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी एका खिडकीत. २००६ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय ई-प्रशासन योजना मंजूर केली आणि खेडोपाडी सामायिक सेवा केंद्रं आली. आपल्याकडे ती महा-ई-सेवा केंद्र म्हणून ओळखली गेली. २०११मध्ये राज्यानं संग्राम प्रकल्पातून ग्रामपंचायतींतच संगणक आणि ऑपरेटर बसवले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागून कागदांचे ढीग जळाले, तेव्हा फायली संगणकावर नेण्याची निकड मुंबईतही पटली.

ऑपरेटरच्या खुर्चीत बहुधा गावातलाच, एमएससीआयटी झालेला पोरगा किंवा पोरगी असे. ग्रामपंचायतीचे दाखले, जमाखर्चाच्या नोंदी आणि पोर्टलवरची माहिती भरणं, सगळं त्याच्या गळ्यात. मानधन तुटपुंजं आणि तेही उशिरा, म्हणून या ऑपरेटरांना राज्यभर आंदोलनं करावी लागली. गाव डिजिटल झाल्याचे जे आकडे वर कळवले जात, ते या मुलांच्या बोटांवर उभे होते.

आणि वीज? ज्या जिल्ह्यात २,३४० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र धगधगत होतं, त्याच जिल्ह्यातल्या खेड्यांनीही राज्यातल्या भारनियमनाची वर्षं सोसली. वीज असेल तेव्हा लिंक नसे आणि लिंक असेल तेव्हा वीज नसे. बँकेत, तहसीलीत, केंद्रावर तीन वाक्यं सगळ्यांच्या ओठावर बसली. 'लिंक नाही', 'सर्वर डाऊन आहे भाऊ', 'उद्या या'.

या वाक्यांमागचा मामला काय, हे नवख्या माणसाला क्वचितच कुणी सांगत असे. कोरपन्याच्या केंद्रात भरलेला अर्ज तिथल्या संगणकात राहत नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लागतो. ते तुकडे रेडिओलहरी आणि काचतंतू यांच्या वाटेनं दूरच्या मोठ्या संगणकापर्यंत जाऊन तिथे पुन्हा जुळतात. या मोठ्या संगणकाला सर्व्हर म्हणायचं. वाट तुटली तर 'लिंक नाही', आणि वाट नीट असून पलीकडे गर्दी झाली तर 'सर्वर डाऊन'. खिडकीतल्या माणसाचा दोष बहुतेक वेळा दोन्हींत नसतो. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, तरी नेट का हलत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. काड्या दाखवतात तो फोनपर्यंत पोचणाऱ्या टॉवरच्या लहरींचा जोर. टॉवरपासून पुढची वाट अरुंद असेल तर नाल्यावरच्या एकेरी पुलासारखी सगळ्या गावाची गर्दी तिथेच तुंबते.

ही वाट रुंद करण्यासाठी ऑक्टोबर २०११मध्ये केंद्रानं देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची केबल नेण्याचं ठरवलं. त्याचंच नाव पुढे भारतनेट झालं, आणि दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचं महानेट आलं. केबल रस्त्याच्या कडेनं पुरली जाते. रस्ता रुंद करायला जेसीबी आला की केबल तुटते. रस्ता एका खात्याचा, केबल दुसऱ्याची, आणि जोडून देणारा कंत्राटदार तिसराच. मोठी वाट मात्र जवळच होती. दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्ग बल्लारशाहवरून राजुऱ्याला लागून दक्षिणेला जातो. देशभरच्या रेल्वेमार्गांलगत रेलटेल या सरकारी कंपनीच्या काचतंतूंचं जाळं पसरलेलं आहे. दूरची माहिती शेजारून धावत होती, अडचण होती ती शेवटच्या काही किलोमीटरांची.

२०१७चा पावसाळा

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची मोबाइल सेवा बाजारात आली आणि डेटा अचानक स्वस्त झाला. अक्षरओळख नसलेल्यांनाही स्मार्टफोननं सामावून घेतलं. व्हॉट्सअॅपवर बोलून निरोप पाठवता येतो, यूट्यूबवर भजन, झाडीपट्टीचं नाटक किंवा गोंडी गाणं नुसतं चित्र पाहून लावता येतं. करमणुकीपुरता मधला माणूस हटला. सरकारी कामात तो हटला नव्हता, आणि त्याचा मोठा प्रत्यय पुढच्याच वर्षी आला.

जून २०१७मध्ये शेतकरी संपानंतर राज्य सरकारनं ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. नाव छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. याआधी २००८ साली केंद्राची कर्जमाफी झाली होती, तेव्हा बँकांनी आपल्या याद्यांवरून काम केलं होतं. या खेपेला प्रत्येक शेतकऱ्यानं स्वतः ऑनलाइन अर्ज भरायचा होता. अपात्र लोक आणि बोगस खाती गळावीत हा हेतू. अर्जात आधार, बँकखातं, कुटुंबाची माहिती, आणि ओळख पटवायला मोबाइलवरचा ओटीपी किंवा अंगठा.

काळ पाहा. जुलै ते सप्टेंबर, म्हणजे कपाशीला निंदण, खत आणि फवारणीचे दिवस. त्याच दिवसांत राज्यभरच्या केंद्रांवर रांगा लागल्या, काही ठिकाणी रात्रभर. सर्व्हर रात्री जरा मोकळा असतो, म्हणून माणसं जेवण बांधून मुक्कामाला आली. ज्या अंगठ्यानं जन्मभर कापूस वेचला, नांगर धरला, त्याच्या रेषा यंत्राला सापडेनात. 'अंगठा लागत नाही' हे वाक्य म्हाताऱ्यांच्या वाट्याला आलं. मोबाइल नंबर आधारला जोडलेला नाही, किंवा जोडलेला नंबर मुलाचा आणि मुलगा कामावर परगावी, मग ओटीपी कुणाला विचारायचा? १५ सप्टेंबरची मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. दिवाळीत काही शेतकऱ्यांना प्रमाणपत्रं वाटली गेली आणि त्यानंतर याद्यांतल्या चुकांमुळे बरेच पैसे अडकले.

या पावसाळ्यामुळे दोन गोष्टी झाल्या. एक, ओटीपी म्हणजे काय हे राज्यातल्या घराघरांत कळलं. कोणत्याही वर्गाविना झालेलं हे संगणकशिक्षण, त्याची फी शेतकऱ्यानं आपल्या खोळंबलेल्या कामानं भरली. दुसरी गोष्ट घातक होती. ओटीपी हा घराच्या किल्लीचा अंक आहे, हे न कळता तो सांगायची सवय लागली. खिडकीतून विचारलं की मोठ्यानं सहा आकडे सांगायचे आणि मागची सगळी रांग ते ऐकणार. पुढे बँकेचा माणूस असल्याचं भासवून फोन करणाऱ्या भामट्यांना ही सवय फार उपयोगी पडली.

दाखवायचं गाव आणि न दिसणारी गावं

त्याच सुमारास मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजत होतं. २०१६मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तिथे दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला. कल्पना उत्तम होती, कारण या लहरी झाडी आणि डोंगर यांतून वाट काढतात. एप्रिल २०१९च्या प्रचारसभांत राज ठाकरे यांनी याच गावाची दुरवस्था पडद्यावर दाखवली आणि हरिसाल पुन्हा गाजलं. राजकारण बाजूला ठेवलं तरी एक मुद्दा उरतो. यंत्र बसवण्याचा समारंभ होतो, ते दहा वर्षं चालवण्याची जबाबदारी कुणाची हे समारंभात सांगितलं जात नाही.

गडचिरोलीची अडचण निराळी. भामरागड-एटापल्लीकडे टॉवर उभारणं आणि तो टिकवणं दोन्ही जोखमीचं होतं. माओवाद्यांनी अनेकदा टॉवर जाळले. २०१४ साली केंद्रानं नक्षलग्रस्त राज्यांत सौरऊर्जेवर चालणाऱ्या दोन हजारांवर टॉवरना मंजुरी दिली, पण ते टूजीचे होते. बोलणं झालं, इंटरनेट नाही. ते फोरजी करण्याचा निर्णय एप्रिल २०२२मध्ये झाला. म्हणजे शहरात फाइव्हजीच्या जाहिरातींची तयारी चालू असताना इथे पहिल्या खऱ्या इंटरनेटचा आदेश निघत होता.

जिवती तालुक्याच्या टोकाला परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा अशी १४ गावं आहेत, ज्यांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. तिथे दोन मतदारयाद्या, दोन रेशनकार्डं, दोन भाषांच्या शाळा. माणूस कागदावर दोन राज्यांत राहू शकतो हे या गावांनी दाखवलं. पण आधार क्रमांक एकच, आणि त्याला जोडलेला पत्ताही एकच. कागदाची सैल वीण जे चालवून घेत होती, ते संगणकाचा रकाना चालवून घेत नाही.

मग कोविड आला. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही राज्याची मोहीम होती. रेंजसाठी पोरं टेकडीवर जाऊन बसली. सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीसाठी तर नेट मिळावं म्हणून डोंगरावर झोपडी बांधली गेली. मे २०२१मध्ये १८ ते ४४ वयाच्यांना लसीसाठी कोविन पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा गोष्ट अजून स्पष्ट झाली. वेळ उघडल्या क्षणी ती शहरातल्या वेगवान बोटांनी टिपली आणि शहरातली माणसं गाड्या काढून खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांवर लस घ्यायला आली. गावातली माणसं दारात उभं राहून बघत होती. महिन्याभरातच सरकारी केंद्रांवर थेट येणाऱ्यांना मुभा द्यावी लागली.

आता शेतात उभं राहून

१५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणी आली आणि शतकभराची रीत पालटली. पिकाची नोंद तलाठ्यानं करायची, हा शिरस्ता. आता शेतकऱ्यानं आपल्या फोनवर अॅप उघडायचं, आपल्याच शेतात उभं राहायचं, फोनचा जीपीएस जागा ओळखणार, पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. तत्त्व सरळ होतं. ज्याचं शेत, त्याची नोंद. महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात शेतकऱ्याच्या हाती लेखणी देणारं हे मोठं पाऊल. काही हंगाम झाले, आणि ज्यांची नोंद राहिली त्यांच्यासाठी गावोगाव सहायक नेमावे लागले. मधला माणूस खिडकी सोडून बांधावर आला.

२०२४च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेसाठी नारीशक्ती दूत अॅप आलं, पुढच्या वर्षी तिची ई-केवायसी. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी जानेवारी २०२३पासून अॅपवर सक्तीची झालेली होतीच. २०२५च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळानं ठरवलं की हमीभावानं कापूस विकायचा तर कपास किसान अॅपवर आधी नोंदणी हवी. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. कोरपन्यासारख्या कापसाच्या तालुक्यात याचा अर्थ उघड आहे. ई-पीक पाहणी नसेल तर सातबाऱ्यावर कापूस नाही, सातबाऱ्यावर कापूस नसेल तर अॅप अडवतं आणि अॅपनं अडवलं की माल पडेल भावानं व्यापाऱ्याला. बोटाच्या एका चुकीची किंमत आता क्विंटलमध्ये मोजता येते.

यात गोंडी-कोलामीचं काय? देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१पासून जागा आहे, म्हणून आज मराठी कोणत्याही फोनवर दिसते. माणिकगडच्या डोंगरापलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात गोंडीच्या स्वतंत्र लिपीतली हस्तलिखितं सापडली आणि २०१८ साली गुंजाळा गोंडी लिपीही युनिकोडमध्ये आली. लिपी फोनमध्ये पोचली, अर्ज मात्र अजून तिच्यात आलेला नाही. निजामाच्या काळी उर्दू न येणाऱ्यासमोर जी भिंत होती, ती कोलामी म्हातारीसमोर 'सबमिट'चं बटण घेऊन उभी आहे.

दुसऱ्या वाटेनंही जाता आलं असतं, हे केरळनं दाखवलं होतं. २००२ साली मलप्पुरम जिल्ह्यात सुरू झालेल्या अक्षय प्रकल्पात आधी प्रत्येक घरातल्या एका माणसाला संगणक शिकवला आणि त्याच केंद्रांतून पुढे सरकारी सेवा दिल्या. आधी शिकवणं, मग अर्ज. आपल्याकडे क्रम उलटा लागला. देशपातळीवर घरटी एकाला शिकवण्याची २० तासांची योजना २०१७ साली आली आणि मार्च २०२४मध्ये संपली. कागदोपत्री तीत सहा कोटींहून जास्त माणसं शिकली. कोरपन्याच्या रांगेत उभं राहणाऱ्याला मात्र २० तासांचीही गरज नाही. त्याला चार गोष्टी पक्क्या यायला हव्यात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर स्वतःचा असणं. ओटीपी दुसऱ्याला वाचून न दाखवता स्वतः टाकणं. अर्ज पाठवल्यावर पोचपावतीचा क्रमांक मागून घेणं आणि त्याची स्थिती स्वतः पाहणं. आणि पैसे गेले तर वेळ न दवडता १९३० वर फोन करणं.

ही कामं शिकवायला सगळ्यांत योग्य माणूस आधीच गावात बसलेला आहे, केंद्राच्या खुर्चीत. त्याला लोकांच्या अडचणी पाठ आहेत, लोकांची बोलीही येते आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास आहे. फक्त आजच्या व्यवस्थेत त्याला पैसे मिळतात ते भरलेल्या अर्जामागे. शिकवलेल्या माणसामागे मिळत नाहीत. जे गिऱ्हाईक स्वतः अर्ज भरायला शिकलं, ते त्याच्या कमाईतून वजा झालं. शिकवण्याचं मानधन अर्जाच्या शुल्काइतकं केलं, तर पुढच्या कापूस-हंगामात त्या खिडकीवर रांग लागेल, पण ती पहिल्या खेपेला शिकणाऱ्यांची असेल आणि त्यांना दुसऱ्यांदा त्याच कामासाठी यावं लागणार नाही. टॉवर, केबल आणि अॅप यांवर झालेल्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि केलेला तो सगळा खर्च सार्थकी लागेल तो यानंतरच.